आडात सोडलेला जीव

मल्हारीदादांचा फोन आला तेव्हा मी सकाळचं पाणी गाळत होते. घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं, एका हाताने ते धरलेलं, दुसऱ्या हातात कळशी, आणि फोन ओट्यावर वाजतोय. वाजू दे म्हटलं. आमच्या घरात पाणी गाळताना मध्ये हात सोडत नाहीत. पुन्हा वाजला तेव्हा मात्र ओलं फडकं खांद्यावर टाकून उचलला. "पद्माताई, मी मल्हारी. शालनचा भाऊ," ते म्हणाले. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला स्वतःची ओळख कधी करून दिली नव्हती. तेवढ्यावरूनच मी काय ते समजले. "गेली ओ शाली आपली... पहाटं." दोघंही नुसते फोन धरून उभे होतो आणि फडक्यातलं पाणी माझ्या पाठीवर ठिबकत होतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लिहायला बसायचं ठरवत होते, पण रोज काहीतरी काम निघायचं, आणि ते मीच काढायचे.

शालन सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. पेपरात तिच्याबद्दल छापून आलं होतं ते 'उन्हावर पोहणारं जेल बनवणाऱ्या प्राध्यापिका' असं. ते वाचून समोरच्या सलूनवाल्या दिलीपने तिला थांबवून विचारलं, "मॅडम, ह्ये केसाला चालंल का?" आणि ती रस्त्यात उभी राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. घरी येऊन मला सांगताना पुन्हा हसली. विज्ञान म्हटलं की गंभीर चेहरा करायचा असतो हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

ती आमच्याकडे आली ती माडीवरच्या खोलीत भाडेकरू म्हणून. वय चाळिशीला टेकलेलं. दुष्काळी माण तालुक्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. औंधला मावशीकडे राहून शिकलेली, पुढे कवठे महांकाळच्या ज्युनिअर कॉलेजात वर्षानुवर्षं मुलांना रसायनशास्त्र शिकवलेली. आणि आता रजा घेऊन पीएचडी करायला निघालेली. एक पत्र्याची ट्रंक आणि एक काळं घोंगडं एवढंच सामान. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो, दारातच तिची उलटतपासणी घ्यायला बसल्या.

"नवरा कुठं असतो?"

"न्हाई."

"मेला?"

"झालाच न्हाई."

अव्वांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. ये आत."

एवढ्यावर खोली तिची झाली. नियम मात्र सांगितले गेले. कांदा-लसूण घरात नाही. मटण खायचं तर बाहेर खाऊन, चूळ भरून यायचं. दिवस मावळायच्या आत जेवायचं. आणि पाणी गाळूनच प्यायचं. शालनने सगळ्याला मान हलवली आणि जेवणाचा नियम पहिल्याच दिवशी मोडला, कारण ती प्रयोगशाळेतून परत येईस्तोवर दिवे लागलेले असत. अव्वा स्वतः उन्हं असतानाच जेवून मोकळ्या व्हायच्या, पण शालनचं ताट झाकून ठेवायच्या आणि ती जेवेपर्यंत समोर बसून तिला पापाबद्दल सांगायच्या. शालन ऐकत ऐकत दुसरी भाकरी मागायची. त्या दोघींची जी गट्टी जमली तिचा मला सुरुवातीला चांगलाच राग यायचा. सून मी होते आणि लाड भाडेकरणीचे!

तिचं काम काय, हे मला समजायला वेळ लागला. मी बालवाडीची बाई. पण तिने मला एकदा पोरांना सांगावं तसं सांगितलं. "हे बघ पद्मे, एक मऊ पट्टी करायची. जेलीसारखी, पण पाण्यात विरघळणार नाही अशी. तिच्यात काजळी मिसळायची. काळ्याला ऊन लागतं ना, तसं तिला लागतं. ऊन पडलं की पट्टीची ती बाजू तापते, आकसते आणि पट्टी वाकते. वाकली की तिचीच सावली तिच्यावर पडते. सावलीत गार झाली की पुन्हा सरळ. सरळ झाली की पुन्हा ऊन. म्हणजे शेपूट हलत राहायला पाहिजे. वायर नाही, सेल नाही, नुसतं ऊन." मी विचारलं, "मग हलते का?" ती म्हणाली, "न्हाई." आणि नुसती हसली. आज पट्टी फुगून फाटली, उद्या खळीसारखी चिकट झाली, परवा वाकली ती वाकडीच राहिली. असं दोन-तीन वर्षं चाललं. रजा संपत आली. परीक्षक येऊन बघणार, त्यांना काही दाखवता आलं तर पुढे, नाहीतर रिकाम्या हातांनी परत कवठे महांकाळला. ती हे बोलून दाखवायची नाही, पण तिच्या ताटातली दुसरी भाकरी बंद झाली होती. अव्वांच्या ते माझ्याआधी लक्षात आलं.

आणि मग एका शनिवारी ती भर दुपारी कॉलेजातून धावत आली. हातात बाटली, बाटलीत पाणी, पाण्यात बोटाच्या पेराएवढं काळं काहीतरी. बुडू नये म्हणून डोक्याशी थर्माकोलचा दाणा चिकटवलेला. गच्चीवर परातीत आडाचं पाणी ओतलं, त्यात ते सोडलं. ऊन पडलं तशी त्या काळ्याची शेपटी एकदा हलली, पुन्हा हलली, आणि मग अशी हलत सुटली की ते सरळ पोहत परातीच्या सावलीतल्या कडेला जाऊन थांबलं. उन्हाकडे पाठ करून पळायचं ते. शालनने माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली. जेलचा घाणा एकच जमला होता, आणि त्यातलीही ही एकच पट्टी पोहत होती. तिची सगळी रजा त्या पेराएवढ्या तुकड्यात होती. सोमवारी परीक्षक येणार होते. ती आनंदाने गाईडना फोन करायला खाली गेली आणि तिथून कॉलेजातच निघून गेली. परात तशीच गच्चीवर राहिली.

आता इथे आमच्या जैन घरची एक रीत सांगायला हवी. पाणी गाळलं की फडक्यात जे अडकतं ते डोळ्यांना दिसो न दिसो, जीव असतो. फडकं उलटं धरून वरून गाळलेलं पाणी सोडायचं आणि ते जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत पोचवायचे. आडातले आडात, नदीतले नदीत. याला आम्ही जिवाणी म्हणतो. अव्वांनी जन्मभर एक दिवस न चुकता ही जिवाणी आडात सोडली होती. त्या दुपारी अव्वा ऊन दाखवायला ठेवलेल्या कुरडया बघायला गच्चीवर गेल्या. परातीत एक काळा जीव उन्हाने तडफडत सावली शोधतोय, हे त्यांनी पाहिलं. पाणी आडाचं, हे त्यांनी ओळखलं. पुढे काय केलं असेल हे वेगळं सांगायला नको. परात खाली आणली, णमोकार म्हटला आणि परातीतलं पाणी त्या जिवासकट हलक्या हाताने आडात सोडलं.

शालन परत आली, गच्चीवर गेली, खाली आली. "परात कुठाय?" मी अव्वांकडे पाहिलं. अव्वा शांतपणे म्हणाल्या, "मरत हुतं बिचारं उन्हात. ज्याचं पाणी त्याला दिलं." माझ्या तोंडून काहीतरी वेडंवाकडं निघणार होतं, पण शालनने माझा हात दाबला. ती आडाच्या कट्ट्यावर जाऊन बसली. मग म्हणाली, "अव्वा, तुमचं काय चुकलं न्हाई. तुमास्नी ते जित्तं वाटलं, ह्ये लय झालं." आणि मग पदराने डोळे पुसले. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

रविवारी सकाळी आम्ही आडात वाकून बघतोय. पाऊसकाळ नुकताच संपलेला, पाणी बऱ्यापैकी वर होतं. पण आतल्या दगडाच्या कपारीखाली अंधार, आणि ते नेमकं तिथेच लपलेलं असणार. जाळी घालावी तर ते सायीइतकं मऊ, फाटणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडात होतं, पोहऱ्यात कसं यावं हाच प्रश्न. आडात भांडं पडलं की आरशाने कवडसा टाकून शोधायचं हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. मी कपाटाचा आरसा काढून आणला. सूर्य डोक्यावर आला तसा कवडसा पाण्यात उतरवला, आणि खरोखर, कपारीशी तो थर्माकोलचा पांढरा दाणा चमकला. शालनने पोहरा आडवा करून पाण्यात सोडला. मी कवडसा पोहऱ्यापाशी धरला, म्हटलं येईल उजेडाकडे. ते जागचं हलेना.

"अगं म्होरनं काय धरतीस? मागनं धर!" शालन ओरडली. "म्हेंढरू म्होरनं वडत न्हाईत, मागनं हाकत्यात!"

मग मी कवडसा त्याच्या मागे नेला. शेपटी जराशी हलली आणि थांबली. एका आरशाचं ऊन पुरेना. मी दारात जाऊन हाक मारली. दिलीप गिऱ्हाईकाला साबण लावलेला तसाच सोडून सलूनचा आरसा घेऊन आला. पाठोपाठ ते गिऱ्हाईकही तोंडाला फेस घेऊन. शेजारच्या वहिनींनी ड्रेसिंग टेबलाचा आरसा उचलून आणला. सगळे कवडसे एका जागी आले तशी शेपटी हलू लागली. शालन कट्ट्यावर पालथी पडून खाली बघत होती आणि तिला कळतही नव्हतं, पण तिच्या तोंडून मेंढरं हाकतानाचे आवाज निघत होते. "हुर्रर्र... डावीकडं घ्या... हुर्रर्र..." फेसवाला माणूस म्हणाला, "ह्या खरंच प्राध्यापक हायती काय?" तेवढ्यात ऊन सरकू लागलं. आमच्या आडात ऊन थोडाच वेळ उतरतं. पोहरा वीतभर राहिला आणि माझ्या आरशाचा कवडसा भिंतीवर चढला. मग वहिनींचाही. शेपटी मंदावली. शालनने डोळे मिटून घेतले.

तेव्हा इतका वेळ जोत्यावर बसलेल्या अव्वा उठल्या. देवघरातून पूजेचं पितळी ताट घेऊन आल्या. रोज चिंचेने घासलेलं, आरशाच्या तोंडात मारील असं. आडाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे अजून ऊन होतं तिथे उभ्या राहून त्यांनी ताट धरलं. एकदाच, पण बरोबर मागून. ते काळं पोहऱ्यात शिरलं.

शालन दोर ओढायला गेली तर अव्वांनी दोरावर हात ठेवला. "आदी सांग. जीव हाय का न्हाई त्याच्यात?"

आता 'हाय' म्हणाली असती तर म्हातारीला केवढं बरं वाटलं असतं! पण शालन म्हणाली, "न्हाई, अव्वा. जीव न्हाई. मी केलेली वस्तू हाय ती."

"असू दे. आडात गेलं तवा आडाचं झालं. तुझं काम झालं की हितंच आणून सोडायचं. नेम घे."

शालनने ओंजळीत आडाचं पाणी घेऊन नेम घेतला. कॉलेजातली, शास्त्र शिकलेली बाई, पण तिने तो हसण्यावारी नेला नाही. सोमवारी परीक्षकांसमोर, थंडगार केलेल्या हॉलमध्ये पट्टी ढिम्म हलेना, तेव्हा तिने सरळ सगळ्यांना बाहेर मैदानात उन्हात आणलं आणि तिथे ती पोहली. शालन डॉक्टर झाली, पुढे सांगलीतच कॉलेजात लागली, आणि आमची माडी तिने शेवटपर्यंत सोडली नाही.

तिचे वडील, आबा, एकदा डोळे दाखवायला सांगलीला आले होते. तिने त्यांना परातीत पट्टी पोहताना दाखवली. आबांनी पटका सावरून वाकून पाहिलं. "खातंय काय ह्ये?" शालन म्हणाली, "ऊन." आबा म्हणाले, "मग माणात सोड की. आपल्याकडं दुसरं पिकतंय काय?" आम्ही सगळे हसलो, पण ते अजून बघतच होते. जरा वेळाने म्हणाले, "एकटं ठिवू नगंस पोरी. म्हेंढरू एकटं ऱ्हात न्हाई." पुढे तिने खरोखरच पट्ट्यांचा कळप केला. एकीची सावली दुसरीवर पडून सगळ्या मिळून कशा सरकतात ते तिचं पुढचं काम. पेपरवाल्याने विचारलं, ही कल्पना मेंढरांवरून सुचली का? ती म्हणाली, "छे हो. घाणा बिघडला त्यावरून सुचली. मेंढरं नंतर आठवली, तुम्हाला सांगायला." त्याने छापलं मात्र मेंढरांचंच. औषध नेईल, नद्या साफ करील, असलं पुष्कळ त्याने स्वतःच्या मनाने घातलं होतं. त्यावर ती चिडली. "अजून परातीच्या बाहेर गेलं नाही आणि हा नद्यांत घालतोय," म्हणाली.

दर दिवाळीला अव्वा तिला फराळाचं ताट देताना विचारायच्या, "झालं का काम?" शालन चकली मोडत म्हणायची, "अजून न्हाई, अव्वा." अव्वा म्हणायच्या, "मग ऱ्हाऊ दे." दरवर्षी हेच. अव्वा अंथरुणाला खिळल्या तेव्हा बोलणं जवळजवळ बंद झालं होतं, पण शालन जवळ बसली की ओठ हलायचे आणि शालन वाकून त्यांच्या कानात उत्तर द्यायची. अव्वा गेल्यावरची पहिली दिवाळी फार अवघड गेली. फराळाचं ताट शालनपुढे ठेवलं. मग मीच विचारलं, "झालं का काम?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अजून न्हाई, पद्मे." तेव्हापासून तो प्रश्न माझ्याकडे आला.

गेल्या वर्षी तिचं दुखणं निघालं. मिरजेच्या दवाखान्यात तिने खिडकीची खाट मागून घेतली. सिस्टरनी पडदा ओढला की ही उघडायला लावायची. "मला उन्हाचा पगार मिळालाय जन्मभर, तुम्ही कशाला अडवताय?" मी शेवटची गेले तेव्हा तिचा हात पांघरुणाबाहेर उन्हात होता. मनगट बारीक झालेलं. मी बालवाडीतल्या गमती सांगत सुटले होते. तिने मध्येच विचारलं, "आड हाय न्हवं अजून?" गल्लीतले आड एकेक करून बुजवले गेले होते. माझा मुलगाही आमच्या आडावर स्लॅब टाकून गाडी लावायची म्हणत होता, आणि हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, "हाय की. कुठं जातोय?" ती म्हणाली, "एवढ्यात बुजवू देऊ नगंस." मी बरं म्हटलं. नेहमीचा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता... तो मी गिळला. त्याचं उत्तर मला नको होतं. उठताना मी तिचा हात पांघरुणात घातला. तिने तो परत उन्हात काढला.

परवा मल्हारीदादा आणि मी कॉलेजात तिची जागा आवरायला गेलो. टेबलावर खिडकीशी एक काचेची बरणी होती. मीच कधीतरी लिंबाचं लोणचं भरून दिलेली. तिच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलेलं. दादांनी विचारलं, "ह्ये काय? लोणचं व्हय?" मी फडकं सोडलं. आत पाणी होतं, आणि तळाशी नव्हे, वर, ते थर्माकोलचा दाणा डोक्याशी असलेलं काळं. पहिलं. आमच्या आडातलं. इतकी वर्षं ती त्याचं पाणी बदलत आली होती आणि गाळून घालत आली होती.

मी बरणी मांडीवर धरून रिक्षाने घरी आणली. दादाही आले. अव्वांचं पितळी ताट काढलं, आडाचं पाणी शेंदून गाळून त्यात ओतलं आणि ते त्यात सोडलं. आडाच्या कट्ट्यावर ताट ठेवून मी त्याच्यावर वाकून बघत राहिले. काही नाही. ते जागच्या जागी तरंगत होतं. रंगही विटलेला. दादा माझ्या मागे उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, "सोडा ताई. झालं तिचं काम."

नेम होता, शब्द होता, आड होता. माझा मुलगाही दारात येऊन उभा राहिला होता. मला ते सोडायचं नव्हतं, आणि न सोडण्याला माझ्यापाशी कारण नव्हतं. मी णमोकार म्हटला. ताट उचलून आडाकडे तिरपं करायला जरा बाजूला सरकले... आणि तेव्हा कळलं की इतका वेळ मीच उन्हाच्या आड उभी होते. ताटात ऊन पडलं. शेपटी हलली. थांबली. पुन्हा हलली. मग ते म्हातारं काळं हळूहळू, अडखळत, पण सरळ पोहत ताटाच्या माझ्या बाजूच्या कडेला आलं आणि माझ्या सावलीत थांबलं.

दादांना हुंदका फुटला. मी ताट परत कट्ट्यावर ठेवलं, आडात वाकले आणि खालच्या पाण्याला सांगितलं, "अजून न्हाई, अव्वा."